पाटी नसलेल्या घरांचा पत्ता

प्रोग्रॅम क्रॅश झाला, की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची सगळी मदार स्टॅक ट्रेसवर. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं आणि गाडी नेमकी कुठे अडली, याची ती यादी. पण कस्टमरकडून आलेल्या ट्रेसमध्ये बरेचदा नावंच नसतात. नुसते मेमरीतले पत्ते, नाहीतर प्रश्नचिन्हं! घराला नंबर आहे, पण दारावर पाटी नाही, अशी गत.

ही नावं जातात कुठे? आपणच काढतो की! फाइल आटोपशीर राहावी, आतली रचना बाहेर कळू नये, म्हणून रिलीजच्या वेळी सिम्बॉल्स बाजूला काढले जातात. विंडोजवर ते पीडीबी फाइलमध्ये असतात, लिनक्सवर डीबगइन्फोमध्ये.

खरा घोळ पुढेच आहे. सिम्बॉल्स मिळाले नाहीत, की विंडोजचा डीबगर कधी कधी डीएलएलमधलं सगळ्यांत जवळचं उघड नाव ठोकून देतो. आमच्या टीममध्ये नुकतीच जॉइन झालेली एक मुलगी यातच सापडली. ट्रेसमध्ये सगळ्यांत वर तिचं फंक्शन! मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, त्यात अप्रेझल तोंडावर. मी नावापुढचा आकडा पाहिला. फंक्शनच्या सुरुवातीपासून तब्बल १ लाखाहून जास्त बाइट्स पुढे! तिचं फंक्शन जेमतेम २० ओळींचं. म्हटलं, "अगं, ही जागा तुझी नाहीच!" त्याच बिल्डची पीडीबी शोधून लोड केली, तर नाव निघालं भलतंच.

'त्याच बिल्डची' हे महत्त्वाचं. प्रोग्रॅम आणि पीडीबी, दोन्हींत एकच ओळख क्रमांक असतो. तोच कोड पुन्हा बिल्ड केला तरी तो सहसा बदलतो, आणि डीबगर नवी फाइल नाकारतो. लिनक्सवर हेच काम बिल्ड-आयडी करतो. २०१९ मध्ये आलेल्या डीबगइन्फोडीमुळे तर बिल्ड-आयडीवरून सिम्बॉल्स सर्व्हरवरून आपोआप उतरवता येतात. पण सर्व्हर देणार तेच, जे कुणीतरी जपून ठेवलंय!

तेव्हा मंडळी, प्रत्येक रिलीजबरोबर तिचे सिम्बॉल्सही जपून ठेवा. आणि ट्रेसमधल्या नावावर बोट ठेवण्याआधी पुढचा आकडा जरूर वाचा. त्या नावामागे कुणाचं तरी अप्रेझल असतं.