जुन्या राजधानीच्या गावाला

बालमित्रांनो, नाशिकहून पुणे रस्त्याची एस.टी. पकडलीत, की साधारण ३० किलोमीटरवर सिन्नर लागतं. आज हे तालुक्याचं गाव. पण बाराव्या शतकात देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी इथेच होती बरं का!

इथलं काळ्या दगडाचं गोंदेश्वर मंदिर पाहाच. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. म्हणून हे पंचायतन!

आमच्यातल्या एकाने भिंतीवर नाव लिहायला हळूच खडू काढला. आजोबा म्हणाले, "अरे, ही नक्षी ज्यांनी कोरली, त्यांची नावं तरी ठाऊक आहेत का कुणाला?"

खडू मुकाट्याने खिशात गेला. तुम्ही जाल तेव्हा खडू घरीच ठेवा!