डोळ्यांनी पाहिले, मनाने मानले

परवा शेजारच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. नातवाने आजीपुढे मोबाइल धरला. पाहता पाहता देवाच्या पाषाणमूर्तीने डोळे उघडले आणि आजींचे हात आपोआप जोडले गेले. नातू हसून म्हणाला, "अगं आजी, हे संगणकावर केलेलं आहे!" आजींनी हात खाली घेतले. त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत.

आजी भोळ्या ठरल्या काय? हा प्रश्न मनात घोळत असता मला दादासाहेब फाळके आठवले. आम्हां बडोदेकरांना त्यांच्याविषयी अंमळ अधिक आपुलकी वाटते. कारण सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये येथे निघालेल्या कलाभवनात त्यांचे काही शिक्षण झाले. पुढे ते एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोगही करीत. चित्रकाराची नजर आणि जादूगाराचा हात असा हा योग होता.

१९१९ च्या त्यांच्या 'कालियामर्दन' या मूकपटात बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभीच फाळके या चिमुरडीला प्रेक्षकांपुढे आणतात. ती निरनिराळे भाव मुद्रेवर दाखवते आणि मग तिच्या जागी कृष्णवेषातील तीच मुलगी दिसू लागते. म्हणजे 'ही माझी मुलगी, हिला मी कृष्ण केले आहे' हे जादूगाराने आधीच सांगून टाकले! तरीही कृष्णाने यमुनेत उडी घेतली की प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागे.

हे घडते कसे? याची पहिली किल्ली संकलनात आहे. पाण्यात सर्पाशी झुंज चाललेली, लगेच काठावरची व्याकुळ माणसे, पुन्हा झुंज. हे तुकडे वेगवेगळ्या वेळी चित्रित झालेले असतात. ते जोडण्याचे काम आपले मन करते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने १९२० च्या सुमारास हेच प्रयोगाने दाखवले. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या बशीशेजारी, तर एकदा शवपेटिकेशेजारी जोडला. त्याच चेहऱ्यावर पाहणाऱ्यांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख दिसले. चेहरा बदलला नव्हता; शेजार बदलला होता.

दुसरी किल्ली कॅमेऱ्याच्या जागेत आहे. मारामारीत ठोसा हनुवटीपर्यंत पोचतच नाही. कॅमेरा अशा कोनात असतो की मधले अंतर दिसू नये. मार खाणारा नट नेमक्या क्षणी मान झटकतो, आणि आवाज मागाहून भरला जातो. घोड्यांच्या टापा पुष्कळदा नारळाच्या दोन करवंट्यांच्या असतात. आवाज आणि हालचाल अचूक जुळली की कान डोळ्यांची साक्ष देतो, आणि आपण त्या साक्षीची उलटतपासणी करीत नाही.

तिसरी किल्ली चमत्काराच्या भोवतालात असते. 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये अखेरीस पुष्पक विमान येते. दामले-फत्तेलाल यांनी ते विमान परिश्रमाने उतरवले खरे. पण आपण ते मान्य करतो ते त्याआधी पाहिलेल्या संसारामुळे. जिजाई, तिची म्हैस, पोरांची भूक, घरातले दारिद्र्य हे सारे इतके ओळखीचे, की त्या अंगणातून निघालेली वाट वैकुंठापर्यंतही जाऊ शकते असे वाटते. चमत्कार शंभरातला एक असावा आणि उरलेले नव्याण्णव आपल्या घरातले असावेत, हे त्या जुन्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेक्षागृहात शिरताना आपण एक अलिखित करार करतो: तू रचलेले दाखव, मी काही काळ खरे मानीन. फाळक्यांनी तर या कराराची प्रत जणू प्रेक्षकांच्या हातीच दिली. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही काढला. आपली विद्या उघड केल्याने भक्ती आटेल, असे भय या जादूगाराला वाटले नाही. जेथे रचना उघड आहे, तेथे विश्वास ठेवणे हा रसिकपणा होय, भोळेपणा नव्हे.

मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितीत हा करार नसतो. मूर्ती डोळे उघडते. तेथे नाटकाची घंटा नाही, श्रेयनामावली नाही. एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडी तो न बोललेले शब्द घालता येतात आणि एखाद्या गावचा दंगा दुसऱ्या गावच्या नावाने दाखवता येतो. तंत्र बरेचसे तेच आहे. फक्त 'ही रचना आहे' हे सांगणारा मुखडा कापून टाकलेला आहे.

म्हणून शाळेतल्या मुलांना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. या तुकड्याच्या आधी आणि नंतर काय होते? कॅमेरा कोठे उभा होता, आणि त्याने काय दिसू दिले नाही? हा आवाज त्याच जागेचा, की मागाहून भरलेला? उत्तर मिळाले नाही, तर ती चित्रफीत पुढे पाठवू नये. चित्रपट पाहताना हेच प्रश्न विचारले तर रसभंग होत नाही; उलट कारागिरी कळते आणि आनंद दुणावतो.

त्या आजींना मी गेल्या रविवारी भेटलो, तेव्हा नातूही शेजारी होता. त्याला सांगून मोबाइलवरच 'कालियामर्दन'चा आरंभ लावला. आधी परकरी मुलगी आली, मग मुकुट घातलेला कृष्ण. आजी म्हणाल्या, "ही तर मघाची पोर!" आणि तरीही त्यांनी हात जोडले. या वेळी नातू हसला नाही.