पिळाचा हिशेब

संपादकांना भारतीय ड्रोनवर लेख हवा होता. कंपन्या, अनुदानं, फवारणी, टेहळणी असा सगळा ऐवज. मी पंख्यापाशीच अडकलो. मोटर कुणाची, बॅटरी कुठली, याची उत्तरं लोक हौसेने देतात. प्रोपेलर कुठून आणता असं विचारलं की "चीनहून, आणखी कुठून?" एवढ्यावर विषय संपतो. नायलॉनचे दाणे पुण्यात मिळतात, इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रं भोसरी-चाकणला गल्लोगल्ली आहेत. तरी वीतभर लांबीचा हा प्लॅस्टिकचा तुकडा परदेशातून येतो.

इतिहास थोडक्यात उरकतो. १८७१ मध्ये आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळाने फिरणाऱ्या पंख्यावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. पुढे छोटी इंजिनं आली, त्यांना बीच आणि मेपलच्या लाकडाचे पंखे लागत. मग नायलॉन आलं. कॅलिफोर्नियातल्या वुडलंड गावी काचतंतू घातलेल्या नायलॉनचे एपीसी पंखे होतात, आणि चांगला पंखा कोणता असं विचारलं की हौशी मंडळी अजूनही पहिलं नाव तेच घेतात. तैवानच्या जीडब्ल्यूएसने हलक्या विजेरी विमानांसाठी स्वस्त पंखे काढले. ड्रोन आले आणि मोठा धंदा चीनमध्ये गेला. कार्बन फायबरचे पंखे करणारी टी-मोटर नानचांगची, शर्यतीच्या ड्रोनवर दिसणारं जेमफॅन निंगबोचं. निंगबोच्या परिसरातच युयाओ आहे, प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाची आणि साच्यांची मोठी पेठ. दाराशी बंदर, तेही मालाच्या वजनाने जगात पहिलं. अशा ठिकाणी पंखे होणार नाहीत तर कुठे?

आता वस्तूकडे बघू. पंख्यावर '१० × ६' असं कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा तो हवेत शिरला, तर एका फेऱ्यात सहा इंच पुढे जाईल, असा त्याचा अर्थ. त्यासाठी पात्याला पीळ असतो, मध्याशी जास्त आणि टोकाकडे कमी होत जाणारा. दहा इंची पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने धावतं. एक पातं दुसऱ्यापेक्षा दशांश ग्रॅमने जड असलं आणि हे जास्तीचं वजन पात्याच्या मधोमध असलं, तर मोटरच्या दांड्याला सुमारे ७०० ग्रॅमची ओढ बसते, आणि तिची दिशा मिनिटाला दहा हजारदा फिरते. कॅमेऱ्यातलं चित्र थरथरतं ते यामुळे.

एवढं वाचून मी भोसरीतल्या एका डायमेकरकडे, म्हणजे साचे करणाऱ्याकडे गेलो. मोटारींच्या सुट्या भागांच्या डाय करण्यात त्यांचा जन्म गेला. पंख्याची डाय त्यांनी एकदाच केली होती. गिऱ्हाइकाने परदेशी पंखा हातात ठेवला, असाच हवा म्हणाला. यांनी तो स्कॅन केला, स्टीलमध्ये जसाच्या तसा उतरवला, ट्रायल घेतली. पंखा दिसायला हुबेहूब, पण पिळात फरक, आणि दोन पाती एकमेकांशी जुळेनात.

कारण नायलॉन गार होताना आवळतं. त्यात काचतंतू असले की ते सगळीकडे सारखं आवळत नाही. वितळलेला रस वाहतो त्या दिशेला तंतू लोळतात, त्या बाजूने आकसणं कमी आणि आडव्या बाजूने जास्त. मधला गाभा जाड, तो सावकाश गार होतो. पात्याची कड कागदासारखी पातळ, ती क्षणात गोठते. या ओढाताणीत पातं डायमधून बाहेर पडल्यावर आपलं आपण वळतं. "साहेब, पंखा सरळ यायला डाय वाकडी कापावी लागते," ते म्हणाले. किती वाकडी, ते ट्रायलनंतर मोजून कळतं. मग करेक्शन, पुन्हा ट्रायल, पुन्हा मोजणी. मूळ पंख्याची नक्कल करता येते. तो ज्या डायमधून आला, तिच्यातली मुद्दाम ठेवलेली चूक पंख्यात दिसत नाही, त्यामुळे तिची नक्कल होत नाही. वाकड्या डायच्या त्या एका वाक्याने माझी फेरी वसूल झाली.

नायलॉनच्या आणखीही खोड्या ते सांगत होते. दाणे हवेतलं पाणी पितात, म्हणून आधी ड्रायरमध्ये तापवायचे, नाहीतर पात्यावर चंदेरी ओरखडे उमटतात आणि ताकद जाते. पण डायमधून निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, त्याला पुन्हा थोडं पाणी हवं. जुने हौशी लोक नायलॉनचे पंखे चक्क पाण्यात उकळून काढत! शिवाय मधल्या भोकाच्या पिनेला वळसा घालून रसाचे दोन प्रवाह पलीकडे भेटतात. तिथे तंतू एकमेकांत नीट गुंतत नाहीत, आणि ताण मोठा येतो तोही या मधल्या भागातच.

चांगल्या-वाईट पंख्यातला फरक मोजलेला आहे. इलिनॉय विद्यापीठात ब्रँट आणि सेलिग यांनी ७९ छोटे पंखे वातबोगद्यात तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. उत्तम पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास, सगळ्यात वाईटाची २८. म्हणजे बॅटरी तीच, आणि निम्म्याहून अधिक काम वाया.

मग इथे का होत नाही? भोसरीतली ती डाय दोन करेक्शननंतर थांबली, कारण गिऱ्हाइकाचे पैसे संपले. चार पंख्यांच्या ड्रोनला दोन उजवे आणि दोन डावे पंखे लागतात, म्हणजे प्रत्येक मापाच्या दोन डाय. माप बदललं की पुन्हा दोन. खर्च लाखांत, ऑर्डर काही शेकड्यांची. निंगबोचा कारखाना तोच खर्च जगभरच्या गिऱ्हाइकांत वाटून टाकतो.

सरकारी धोरणाचीही इथे गंमत आहे. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मात्र मोकळीक राहिली. ड्रोन देशी, पंखा परदेशी, हे नियमात चपखल बसतं. २०२१ च्या प्रोत्साहन योजनेत १२० कोटी रुपये ठेवले होते. ते मिळणार होते विक्रीतल्या मूल्यवर्धनावर, म्हणजे माल विकला गेल्यावर. तिसऱ्या करेक्शनचे पैसे त्यातून आधी निघत नव्हते. हौशी माणसाचं दुखणं वेगळंच. त्याचं पार्सल कस्टममध्ये विमानाचा भाग ठरलं तर एक दर, आणि खेळण्याचा भाग ठरलं तर दुसरा. खेळणी आणि त्यांच्या भागांवरचं (इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे भाग सोडून) मूळ आयातशुल्क २०२३ मध्ये ६० वरून ७० टक्के झालं.

राहता राहिला भरवसा. एपीसी आपल्या पंख्यांची कमाल गती जाहीर करते. 'स्लो फ्लायर' जातीसाठी ६५,००० ला इंचांतल्या व्यासाने भागायचं, म्हणजे दहा इंची पंख्याला मिनिटाला साडेसहा हजार फेरे, त्यापुढे नाही. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलेच्या पाकिटावर असा आकडा मी तरी पाहिला नाही. आपल्याकडे जो कोणी पंख्याची डाय करायला घेईल, त्याने चार करेक्शनचे पैसे आधी बाजूला काढावेत, पंखा फुटेपर्यंत फिरवून बघावा आणि सुरक्षित गतीचा आकडा पाकिटावर छापावा. तोवर परदेशी पंखाच घ्या, पण आकडा छापलेला.