सर्व्हरच्या किल्ल्या विद्यार्थ्यांच्या हाती

मुलाने घरी 'ॲडमिनिस्ट्रेशन शिकतो आहे' असे सांगितले, की आपल्याकडे आईवडिलांच्या डोळ्यांपुढे तहसील कचेरी उभी राहते. प्रस्तुत लेखातील प्रशासन निराळे आहे. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल यांची माहिती ज्या संगणकांवर साठवलेली असते आणि मागताक्षणी जेथून मिळते, त्या अहोरात्र चालणाऱ्या संगणकांस सर्व्हर म्हणतात. त्यांची निगा राखणारा तो सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. निवासी शाळेत वाढलेल्यांना एका शब्दात सांगायचे, तर तो सर्व्हरचा गृहपाल होय. कोणास प्रवेश द्यावा, कोणती खोली द्यावी, कोठीची किल्ली कोणाकडे असावी आणि नोंदवहीत काय लिहावे, हे सारे त्याच्याकडे असते.

हे काम शिकण्यासाठी मुक्त स्रोत प्रणाली विशेष सोयीची आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक याने त्या गाभ्यावर आधारलेल्या डेबियन या प्रणालीची घोषणा केली. डेबियन कोणीही घ्यावी, तिची मूळ संहिता वाचावी, तीत बदल करावेत आणि ती दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा आहे. तिला परवान्याचे शुल्क पडत नाही, ही गोष्ट आपल्या पालकांना मोलाची वाटेल. परंतु माझ्या मते खरा लाभ दुसराच आहे. मोठमोठ्या कंपन्या जी डेबियन वापरतात, तीच जशीच्या तशी शाळेतील जुन्या संगणकावर बसते. विद्यार्थ्याच्या हाती खेळण्यातला सर्व्हर पडत नाही.

तथापि प्रणाली नुसती बसवल्याने शिक्षण होत नाही. अनेक प्रयोगशाळांत वर्गाला एकच सर्व्हर असतो, त्याचा मुख्य पासवर्ड शिक्षकांकडे असतो, आणि विद्यार्थी फळ्यावरच्या आज्ञा वहीत उतरवून घेतात. काठावर बसून पोहणे शिकण्याचाच हा प्रकार. प्रत्येक मुलाला मोडता येईल असा स्वतःचा सर्व्हर हवा. यावर उपाय म्हणजे आभासी संगणक, म्हणजेच एका संगणकाच्या पोटात प्रोग्रामद्वारे चालवलेला दुसरा संगणक. चित्रमय पडदा न बसवलेली डेबियन १ गिगाबाइट मेमरीत सुखाने चालते. त्यामुळे ४ गिगाबाइटच्या साध्या संगणकावर असे दोन सर्व्हर मांडून त्यांचा एकमेकांशी संवाद घडवता येतो. आभासी संगणकाच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, आधी राखून ठेवावी. विद्यार्थ्याने चुकून सर्व फायली पुसल्या तरी काही मिनिटांत सर्व्हर पूर्ववत उभा राहतो. बिघाडाची भीती गेल्याखेरीज हात वळत नाही.

शाळांसाठी आयती मांडणीही उपलब्ध आहे. नॉर्वेत २००१ मध्ये 'स्कोलेलिनक्स' हा प्रकल्प सुरू झाला; पुढे तो 'डेबियन एज्यु' या नावाने डेबियनचाच भाग बनला. त्यातील मुख्य सर्व्हरच्या नावाचा नॉर्वेजियन भाषेत 'सेवक' असाही अर्थ होतो. विद्यार्थ्यांची खाती, त्यांच्या फायली, छपाई यांची व्यवस्था हा सेवक एकदम लावून देतो. शाळा चालवण्यास हे उत्तम. पण जे आयते लागते ते दिसत नाही. म्हणून प्रथम साध्या डेबियनवर एकेक सेवा हाताने उभारावी आणि मग ही तयार मांडणी उघडून पाहावी, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण यापुढे येते. डेबियन बसवताना चित्रमय पडद्यावर मराठी भाषा निवडता येते. परंतु सर्व्हर अडला म्हणजे तो बहुधा इंग्रजीतच बोलतो. पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली की आपले अनेक हुशार विद्यार्थी ती न वाचताच शिक्षकांना हाक मारतात. वस्तुतः या संदेशांचा शब्दसंग्रह फार थोडा आहे. 'परमिशन डिनाइड' म्हणजे वस्तू आहे, पण तुम्हाला मुभा नाही. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे दिलेल्या पत्त्यावर ती वस्तूच नाही. बहुतेकदा नाव लिहिताना एखादे अक्षर चुकलेले असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' हे दोन संदेश नवख्याला सारखेच भासतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात घर सापडले, दार ठोठावले आणि आतून 'नाही' असे स्पष्ट उत्तर आले. म्हणजे बहुधा यंत्र चालू आहे, त्यावरील सेवा मात्र बंद आहे. दुसऱ्यात उत्तरच आले नाही. तेव्हा यंत्र बंद असेल, केबल सुटली असेल किंवा वाटेतील फायरवॉलने निरोप गिळला असेल. हा भेद ओळखणारा विद्यार्थी अर्धा तपास तेथेच संपवतो. प्रत्येकाने एक वही ठेवावी. संदेश जसाच्या तसा इंग्रजीत, त्याचा अर्थ व उपाय स्वतःच्या मराठीत. शिक्षकांनीही मुद्दाम बिघाड करून द्यावेत. उदाहरणार्थ, डिस्क भरून टाकावी आणि संकेतस्थळ का बंद पडले ते शोधण्यास सांगावे. उत्तर बहुधा 'व्हार' या निर्देशिकेतील नोंदींत लिहिलेलेच असते.

परवानग्यांचे गणित तर शाळेच्या उदाहरणानेच उत्तम समजते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, असे अंक ठरलेले आहेत. गुणपत्रकाच्या फायलीला ६४० हा अंक दिला, तर तिचे मालक असलेले मुख्याध्यापक वाचू व लिहू शकतात, शिक्षकांचा गट केवळ वाचू शकतो आणि इतरांच्या वाट्याला शून्य येते.

या सर्वांवर 'रूट' नावाचे खाते असते. त्याला कोणतीच फाइल बंद नसते. वसतिगृहातील प्रत्येक पेटीची किल्ली ज्याच्याजवळ आहे, त्याने विनाकारण कोणाची पेटी उघडावयाची नसते, हे आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही. तरीही रूटचा पासवर्ड वाटू नये. 'सुडो' ही आज्ञा वापरण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या नावाने द्यावा. कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद त्यामुळे राहते.

इंटरनेट मंद असेल तेथे एका संगणकावर पॅकेजांचा स्थानिक साठा ठेवावा; एकदा उतरवलेले पॅकेज मग सर्वांना तेथूनच मिळते. जुने संगणक शाळेस देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र एक पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियनची १३वी आवृत्ती ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवता येत नाही. तेव्हा ६४-बिट प्रोसेसर व किमान ४ गिगाबाइट मेमरी असलेले संगणकच द्यावेत. त्यांतील स्वतःची माहिती देण्यापूर्वी पुसून टाकावी. डिस्क रिकामी असली तरी चालेल, पुढची प्रणाली मुलेच बसवतील.