जुन्या दूरचित्रवाणी संचातील रोहित्र आणि नियंत्रित उच्च विद्युत दाब

शालेय विज्ञान प्रदर्शनांत धुरातील कण विजेच्या साहाय्याने वेगळे करण्याचा प्रयोग अधूनमधून मांडला जातो. काचेच्या बरणीत धूर कोंडावयाचा, मधोमध बारीक तार सोडावयाची, बरणीच्या आतील बाजूस धातूचा पत्रा बसवावयाचा आणि तार व पत्रा यांच्यामध्ये काही हजार व्होल्टचा एकदिश विद्युत दाब द्यावयाचा. पाहता पाहता बरणी निवळते. कोराडी व चंद्रपूर येथील औष्णिक विद्युत केंद्रांत धुरातील राख याच तत्त्वावर अडविली जाते. मात्र शाळेत इतका दाब आणावयाचा कोठून? याचे उत्तर बहुधा अडगळीत पडलेल्या दूरचित्रवाणी संचात असते, आणि प्राणावर बेतणारा धोकाही तेथेच दडलेला असतो. म्हणून ही रचना शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नावाचा उगम

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळापासून सपाट पडद्याचे संच येईपर्यंत घरोघरच्या संचांत काचेची मोठी चित्रनलिका असे. तिच्यातील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एका सेकंदात १५,६२५ आडव्या रेषा काढी. प्रत्येक रेषेअखेर झोत झटक्यासरशी मागे परते. या परतीला इंग्रजीत ‘फ्लायबॅक’ म्हणतात. त्या क्षणी वेटोळ्यातील प्रवाह एकदम बदले व त्यातूनच चित्रनलिकेस लागणारा उच्च दाब मिळविला जाई. रंगीत संचांत हा दाब सुमारे २५,००० व्होल्टपर्यंत असे. हे काम करणारे रोहित्र ‘फ्लायबॅक’ याच नावाने ओळखले जाऊ लागले.

कार्यपद्धती

मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखविलेले प्रवर्तनाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. प्राथमिक वेटोळ्याला अल्प दाब जोडला की त्यातील प्रवाह हळूहळू वाढतो आणि फेराइटच्या गाभ्यात, विशेषतः त्यातील बारीक फटीत, चुंबकीय ऊर्जा साठते. या वेळी दुय्यम बाजूचा डायोड प्रवाह अडवून धरतो. मग ट्रँझिस्टर प्रवाह अकस्मात तोडतो. साठलेली ऊर्जा डायोडमधून धारित्रात जाते. रहाटाचा पोहरा विहिरीत भरावा व वर येऊन हौदात रिकामा व्हावा, तसा हा क्रम सेकंदाला हजारो वेळा चालतो.

एक उदाहरण घेऊ. आपल्याला १०,००० व्होल्ट व अर्धा मिलिअँपिअर, म्हणजे ५ वॉट हवेत. कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास सुमारे ७ वॉट पुरवावे लागतील. सेकंदाला २०,००० आवर्तने ठेवल्यास प्रत्येक आवर्तनाच्या वाट्यास ३५० मायक्रोज्यूल ऊर्जा येते. प्राथमिक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व १०० मायक्रोहेन्री असेल तर प्रवाह सुमारे २.६५ अँपिअरपर्यंत चढवावा लागतो आणि २४ व्होल्टवर त्यास ११ मायक्रोसेकंद लागतात. एका आवर्तनाचा काळ ५० मायक्रोसेकंद आहे. तेव्हा गाभा रिकामा होण्यास पुरेशी सवड मिळते. दुय्यम बाजूस वेढे शंभरपट असतील तर प्रवाह तुटताना ट्रँझिस्टरवर पुरवठ्याच्या २४ व्होल्टांखेरीज आणखी १०० व्होल्ट येतात व क्षणिक उसळी निराळीच. म्हणून ४०० व्होल्ट सोसणारा ट्रँझिस्टर निवडणे श्रेयस्कर ठरते.

दाब कमीजास्त कसा करावा?

ट्रँझिस्टर चालू राहण्याचा काळ बदलला की दाब बदलतो. परंतु साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काळ दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. शिवाय भार नसेल तर प्रत्येक आवर्तनागणिक धारित्रावरील दाब चढतच जातो आणि अखेर कोठेतरी रोधन फुटते. म्हणून केवळ अंदाजाने बटण फिरवून भागत नाही. दाब स्वतःच मोजून त्यानुसार काळ आपोआप कमी करणारी योजना हवी.

त्यासाठी प्रत्येकी ५० मेगओहमचे, हजार व्होल्टांहून अधिक दाब सोसणारे दहा रोधक एकसरीत जोडावेत व तळाशी १२५ किलोओहमचा रोधक ठेवावा. दहा हजार व्होल्टला या साखळीतून २० मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो आणि तळाच्या रोधकावर अडीच व्होल्ट मिळतात. हे अडीच व्होल्ट बटणाने ठरविलेल्या संदर्भ दाबाशी ताडून नियंत्रक मंडल स्पंदाची रुंदी ठरविते. ही साखळी तुटली तर मंडलास दाब शून्य असल्याचा भास होईल व ते दाब वाढवीत राहील. याकरिता प्रवाहावर स्वतंत्र मर्यादा आणि दाब प्रमाणाबाहेर जाताच यंत्रणा बंद करणारी दुसरी योजना आवश्यक आहे.

धोका कोठे असतो?

दाब स्थिर राहावा म्हणून मोठे धारित्र जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. वरील उदाहरणात १ नॅनोफॅरडचे धारित्र असेल तर दाबातील चढउतार सुमारे २५ व्होल्ट, म्हणजे पाव टक्का राहतो व साठलेली ऊर्जा अवघी ०.०५ ज्यूल असते. त्याऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास ऊर्जा ५ ज्यूल होते. पहिले धारित्र रोधकसाखळीतून अडीच सेकंदांत जवळजवळ रिकामे होते. दुसऱ्यास चार मिनिटांहून अधिक काळ लागतो. वीज बंद केली म्हणजे धोका टळला, असे समजून हात घालणाऱ्याचा घात होतो तो येथेच.

बाहेर जाणाऱ्या तारेत १ मेगओहमचा रोधक घालावा. पूर्ण भारावर त्यापायी ५०० व्होल्टची घट येते, ती पत्करावी. हवेचे रोधन सामान्यतः दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्टला फुटते, पण टोकदार भागांशी व धूळ बसलेल्या ओलसर पृष्ठभागांवर ते त्याआधीच ढासळते. कोकणातील पावसाळी हवेत याची विशेष दखल घ्यावी. उघड्या भागांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर असावे. घरगुती विजेशी थेट जोडणी न करता बॅटरी वापरावी. नेहमीचा मापक १,००० व्होल्टपलीकडे निकामी ठरतो; उच्च दाबासाठीची खास शलाका हवी. निर्वात नलिकेस हा दाब मुळीच जोडू नये, कारण त्यातून क्ष-किरण निर्माण होऊ शकतात.

शिक्षक व पंचायतींचे कर्तव्य

जुना संच विद्यार्थ्यांकरवी उघडू नये. चित्रनलिका बंद संचातही भार धरून ठेवू शकते आणि फुटल्यास काचा वेगाने उडतात. रोहित्र जाणकार दुरुस्तीकाराकडून काढवून घ्यावे. जोडणी शिक्षकांनी करावी, ती पारदर्शक झाकणाखाली ठेवावी आणि झाकण उघडताच पुरवठा तुटेल अशी कळ बसवावी. प्रयोगानंतर धारित्राची टोके रोधकयुक्त, जमिनीशी जोडलेल्या दांडीने स्पर्शून मगच हात लावावा.

चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते. ती गावाच्या उकिरड्यावर फोडणे अथवा जाळणे अपायकारक आहे. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार हे संच नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेले पाहिजेत. ग्रामपंचायतींनी असे संच एकत्र गोळा करून पाठविण्याची व्यवस्था केल्यास जमीन व पाणी सुरक्षित राहील. निवळलेल्या बरणीइतकेच, प्रयोगापूर्वी घेतलेल्या या खबरदारीचे संस्कारही विद्यार्थ्यांच्या मनावर उमटणे अगत्याचे आहे.