नियम ऑनलाइन, सराव समोरासमोर

परदेशी विद्यार्थी वसतिगृहात उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. मी लातूरच्या एका महाविद्यालयातला कारकून. हे सगळं माझ्या टेबलावर येतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१मध्ये विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय कामकाजाचं कार्यालय काढायला सांगितलं. पाटी लागते हो, पण माणसं कोण तयार करणार? आमचं विद्यापीठ, म्हणजे १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेडच्या विष्णुपुरीत. प्रत्येक प्रशिक्षणाला एसटीने जायचं म्हटलं तर अख्खा दिवस प्रवासातच जातो.

व्हिसाचे प्रकार, करारांचे मसुदे हे मोबाइलवर ऐकून कळतं. पण रडवेल्या मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलणं, पोर्टलवर कागद अडकला की पोलिस अधीक्षक कार्यालयात कुणाला भेटायचं, हे शेजारी बसूनच शिकावं लागतं. युरोपच्या ‘इरास्मस प्लस’ या शैक्षणिक देवाणघेवाण योजनेत अशा मिश्र कार्यक्रमांत काही भाग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष भेट काही दिवसांची असते.

आपल्याकडे दोन दिवस मिळाले तरी चालतील. फक्त त्या दोन दिवसांसाठी प्राध्यापकांबरोबर वसतिगृहाच्या रेक्टरला आणि कारकुनालाही बोलवा.