सरकारी बियाणे आणि नोंदवहीचा खरेपणा

‘बिकानेरी नरमा बीटी’ हा कापसाचा वाण तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने तो काढला. २००९ मध्ये बी विक्रीला आले. संकरित नव्हे, सरळ वाण. म्हणजे घरचेच बी पुढल्या साली पेरता येणार होते. दरसाल पाकिटाचे पैसे मोजणाऱ्याला केवढा दिलासा! पण विक्री लवकरच थांबली. देशी संशोधन म्हणून सांगितलेल्या या वाणात मोन्सॅन्टो कंपनीची जनुकरचना आढळली. डॉ. सोपोरी समितीनेही २०१२ च्या अहवालात तसेच नोंदवले. ती कशीही शिरली असो, बी बाजारात येण्याआधीच हे कळायला हवे होते.

तेव्हा प्रात्यक्षिकाचा प्लॉट पाहायला जाल तेव्हा शेजारी तुलनेचा प्लॉट कुठे आहे, ते विचारा. खत-पाणी दोन्हीकडे सारखेच दिले का? उत्पन्न सगळ्या प्लॉटांचे मागा, रस्त्याकडेच्या एकट्या देखण्या प्लॉटचे नको. वाया गेलेल्या प्लॉटचीही वहीत नोंद हवी. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारून बाजूला नवा लिहावा, जुना वाचता आला पाहिजे. साहेब रागावतील म्हणता? आम्ही रागावलो तरी विचारा.